वेग कळला, वाट कळली नाही

अटल सेतूवर गाडी ताशी १०० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर धावते. १८०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी असते जेमतेम १७ सेंटिमीटर. वेगवेगळ्या वाटांनी आलेले सिग्नल एकमेकांना बळ देतात की मारतात, हे त्याच्या निम्म्या अंतरात पालटू शकते; सेतूवर ते अंतर ३ मिलिसेकंदांत मागे पडते. तेवढ्या वेळात हँडसेटने चॅनेल, म्हणजे वाटेत सिग्नलवर होणारा परिणाम, ओळखायचा आणि त्याने केलेली मोडतोड दुरुस्त करायची.

ही कला बरीच पुढे गेली आहे. २जीच्या प्रत्येक बर्स्टच्या मधोमध आधीच ठरलेल्या २६ बिटांची मालिका असे आणि मोडतोड दुरुस्त करणारा इक्वलायझर तिच्यावरून स्वतःला जुळवून घेई. ४जीत हे ओळखीचे संकेत, म्हणजे पायलट, वेळ आणि वारंवारता या दोन्ही अंगांनी विखुरले गेले. ५जीत वेग वाढेल तसे पायलट वाढवता येतात, पण प्रत्येक पायलट डेटाची जागा खातो. म्हणून खरे कसब आहे ते दोन पायलटांमधल्या जागेतल्या चॅनेलचा अंदाज बांधण्यात.

माझा आक्षेप त्या अंदाजामागच्या गृहीतकावर आहे. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लार्कच्या १९६८च्या प्रारूपात किरण चहूबाजूंनी सारखेच येतात. दाट वस्तीच्या शहराला ते चालते. खाडीवरच्या सेतूवर मात्र मुख्य किरण एक थेट आणि एक पाण्यावरून उसळलेला. तिथे डॉपलर, म्हणजे वेगामुळे वारंवारतेत पडणारा फरक, पसरट नसतो, एकाच रेषेभोवती गोळा होतो. टॉवर मागे पडताना तो अधिक १६७ हर्ट्‌झकडून उणे १६७कडे घसरतो. चहूबाजूंच्या किरणांसाठी बेतलेला फिल्टर इथे गरजेपेक्षा रुंद असतो आणि सिग्नलसोबत नॉइजही आत घेतो.

कोकण रेल्वेवर अडचण आणखी अवघड होते. वीर स्टेशन सोडले की कटिंग, पूल, बोगदा, पुन्हा कटिंग. विन्हेरे ते दिवाणखवटी दरम्यान नातूवाडीचा लांब बोगदा. गाडीचा वेग तोच, पण बोगद्याच्या तोंडाशी चॅनेलचा स्वभावच बदलतो. मागच्या शेकडो मिलिसेकंदांची सरासरी धरून बसलेला रिसीव्हर नेमका तिथेच चुकतो. जुने सोडून द्यायचे कधी, हा प्रश्न प्रयोगशाळांनी पुरेसा हाताळलेला नाही.

वेग नेहमी वैरी असतो असेही नाही. मांडव्याच्या लाँचवर, गेटवेहून निघाल्यावर, सिग्नल पडला की पडून राहतो. धावत्या गाडीत सिग्नलमधला खड्डा क्षणात सरतो आणि आजूबाजूच्या शाबूत बिटांवरून कोडिंग हरवलेले भरून काढते. संथ लाँचवर ही सोय मिळत नाही; तिथे दुसरा अँटेनाच उपयोगी पडतो.

भारताच्या आग्रहाने ५जीच्या जागतिक कसोट्यांत ग्रामीण भागासाठी ‘मोठा सेल, कमी गती’ अशी परिस्थिती आली. टॉवरांमध्ये ६ किलोमीटर अंतर धरणे वास्तवाला धरून होते आणि ते काम मोलाचे आहे. पण तळा-माणगावचा माणूस टॉवरपासून लांबही असतो आणि रोज रेल्वेने वेगातही असतो. अशक्त सिग्नल आणि झपाट्याने पालटणारा चॅनेल हे दोन्ही एकदम आले की पायलटच नॉइजमध्ये बुडतात, आणि अंदाज बांधायला हाती काही उरत नाही.

आता यंत्रशिक्षणावर चालणाऱ्या रिसीव्हरांचा बोलबाला आहे. मला त्यांच्याबद्दल आशा आहे, पण संगणकात बनवलेल्या चॅनेलवर शिकवले तर तेही जुनेच गृहीतक पाठ करतील. त्यांना वीर-दिवाणखवटी मार्गावर, भर पावसाळ्यात नोंदवलेले चॅनेल द्या. आणि निकाल सरासरी मेगाबिटांत नको. बोगद्यातून बाहेर पडल्यावर पहिला धड शब्द ऐकू यायला किती मिलिसेकंद लागले, तो आकडा छापा.