कोणाला किती ठाऊक : कादंबऱ्यांवरील हेरमालिका आणि त्यांचे प्रेक्षक

रहस्यकथा आणि हेरकथा या दोन्ही उत्कंठेवर चालत असल्या तरी त्यांचा मूळ व्यवहार वेगळा आहे. रहस्यकथेत गुन्हा बहुधा घडून गेलेला असतो आणि त्याचा छडा लावणारा शोधक व त्याच्या मागोमाग जाणारा वाचक हे दोघे जवळजवळ सारख्याच अंतरावरून सत्याकडे सरकत असतात. हेरकथेत मात्र माहिती हेच धन आणि हेच शस्त्र असल्यामुळे कोणाला काय ठाऊक आहे, ते त्याला कधी कळले आणि कळूनही तो गप्प का राहिला, या प्रश्नांवरच सारे कथानक तोललेले असते. अशी कथा कादंबरीतून दूरचित्रवाणी मालिकेत येते तेव्हा या व्यवहारात आणखी एक पक्ष सामील होतो, कारण कादंबरी वाचलेला आणि न वाचलेला असे दोन प्रेक्षक एकाच पडद्यासमोर बसतात व त्यांतल्या एकाला घरभेदी कोण हे पहिल्या प्रसंगापासून माहीत असते. ब्रिटनमध्ये १९७९पासून अशा मालिकांवर उमटलेल्या प्रतिक्रिया वरवर पाहता मूळ कृतीशी राखलेले इमान, नटांची निवड किंवा कथेची गती यांविषयीच्या वाटतात. पण त्या बारकाईने तपासल्या तर बहुतेक तक्रारी आणि बरीचशी प्रशंसाही माहितीच्या वाटपाविषयी आहे, असे दिसून येते.

हा प्रश्न दूरचित्रवाणीने जन्माला घातलेला नाही. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात चाणक्य पहिल्याच अंकात आपला हेर जीवसिद्धी हा क्षपणकाच्या वेषात राक्षसाचा मित्र होऊन राहिला असल्याचे प्रेक्षकांपुढे उघड करतो, आणि पुढे राक्षस त्याच माणसावर विसंबत जातो तेव्हा प्रेक्षकाचे कुतूहल ‘हा कोण’ यावर नसून ‘जाळे कसे आवळले जाते’ यावर खिळलेले असते. विसाव्या शतकातील ब्रिटिश हेरकादंबरीने नेमकी उलटी वाट धरली. तिने वाचकाला राक्षसाच्या जागी बसवले. सभोवतालच्या विश्वासू माणसांपैकी कोण फितूर आहे हे त्याला शेवटपर्यंत कळू दिले नाही. या दोन रीतींना सोयीसाठी जाणत्या प्रेक्षकाची रीत आणि अजाण प्रेक्षकाची रीत म्हणता येईल. रूपांतरकाराची अडचण अशी की त्याने हाती घेतलेली कादंबरी अजाणासाठी रचलेली असते, तर ती लोकप्रिय असल्यामुळेच तिच्या प्रेक्षकांत जाणत्यांची संख्या मोठी असते.

जॉन ल कारे यांची ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ ही कादंबरी १९७४ साली प्रसिद्ध झाली. लेखक स्वतः ब्रिटिश गुप्तचर खात्यात काम केलेले होते, आणि सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करून १९६३ साली मॉस्कोला पळालेल्या किम फिल्बी या अधिकाऱ्याच्या विश्वासघाताची सावली या कादंबरीवर आहे. बीबीसीने तिची सात भागांची मालिका केली. पटकथा आर्थर हॉपक्राफ्ट यांची, दिग्दर्शन जॉन अर्विन यांचे आणि निवृत्त हेर जॉर्ज स्मायली यांच्या भूमिकेत अ‍ॅलेक गिनेस. १० सप्टेंबर १९७९ला ती सुरू झाली तेव्हा देशात मोजून तीन वाहिन्या होत्या आणि त्यांपैकी आयटीव्ही ही खासगी वाहिनी कामगारांच्या संपामुळे ऑगस्टपासून बंद होती. संप मिटला २४ ऑक्टोबरला, म्हणजे मालिकेचा शेवटचा भाग दाखवला गेल्यावर दोन दिवसांनी. एरवी अशा अवघड मालिकेच्या वाटेला कदाचित न गेलेला प्रेक्षकही त्यामुळे तिच्यासमोर येऊन बसला असणार, आणि तिच्यावरील प्रतिक्रियांचा विचार करताना ही परिस्थिती नजरेआड करून चालत नाही.

त्या प्रतिक्रियांचा सर्वांत ठळक सूर ‘काही कळत नाही’ हा होता. मालिकेत नेमके काय चालले आहे हे कोणाला उमगते का, हा रेडिओवर टेरी वोगन यांच्या कार्यक्रमातला नेहमीच्या थट्टेचा विषय झाला आणि समीक्षक क्लाइव्ह जेम्स यांनी तिच्या दुर्बोधतेचा व संथपणाचा उपहास केला. दुर्बोधता खरी होती. मुख्यालयाला ‘सर्कस’, पाळत ठेवणाऱ्यांना ‘दिवाबत्तीवाले’, धाडसी कामगिऱ्या करणाऱ्यांना ‘टाळू सोलणारे’ आणि खात्यात दडलेल्या शत्रूच्या हस्तकाला ‘मोल’, म्हणजे जमिनीखालून पोखरणारा चिचुंदरीसारखा प्राणी, अशी सांकेतिक भाषा पात्रांच्या तोंडी होती आणि तिचा अर्थ कोणी समजावून सांगत नव्हते. कादंबरीच्या वाचकाला अडल्यावर मागची पाने उलटता येत होती; घरोघरी ध्वनिचित्रफीत-यंत्रे नसलेल्या त्या काळात प्रेक्षकाला तीही सोय नव्हती व एका भागातील सुटलेला धागा पुढच्या सोमवारपर्यंत सुटलेलाच राहत होता.

असे असूनही रूपांतरकारांनी प्रेक्षकाचा विचार केलाच नव्हता, असे म्हणता येत नाही. कादंबरीचा आरंभ एका मुलांच्या शाळेत होतो. तेथे जिम प्रीडो नावाचा जखमी, अबोल शिक्षक येतो आणि त्याच्या पाठीत गोळी कोठे व का लागली हे वाचकाला पुष्कळ पुढे तुकड्यातुकड्याने कळते. मालिकेने हा क्रम बदलला आणि प्रीडोची चेकोस्लोव्हाकियातील फसलेली कामगिरी पहिल्याच भागात दाखवली. कादंबरीत जे कोडे होते ते मालिकेत ठाऊक असलेली पण न उलगडलेली घटना बनले. म्हणजे अजाण प्रेक्षकाला एका बाबतीत जाणता करून दुसऱ्या, अधिक महत्त्वाच्या बाबतीत त्याला अजाण राखले गेले. मूळ कृतीशी इमान राखणे म्हणजे तिचा क्रम जसाच्या तसा उतरवणे, ही समजूत किती अपुरी आहे हे या एका बदलावरून कळते. मालिका संपल्यावर चार आठवड्यांच्या आत, १५ नोव्हेंबर १९७९ रोजी, पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी कलेतिहासकार अँथनी ब्लंट हे सोव्हिएत हेर होते, असे संसदेत जाहीर केले. प्रतिष्ठित माणूस आतून फितूर असू शकतो हे पडद्यावर पाहिलेल्या प्रेक्षकाला आता वर्तमानपत्रातही तेच वाचायला मिळाले.

स्मायली आणि त्यांचा सोव्हिएत प्रतिस्पर्धी कार्ला यांच्या संघर्षाच्या तीन कादंबऱ्यांपैकी मधली, आग्नेय आशियात घडणारी कादंबरी चित्रीकरणाच्या खर्चामुळे बाजूला ठेवली गेली आणि तिसरीवर आधारलेली ‘स्मायलीज पीपल’ ही सहा भागांची मालिका १९८२ साली आली. तोवर प्रेक्षकांची तक्रार पुष्कळशी निवळली होती, कारण आता त्यांना गिनेस यांचा चेहरा वाचता येऊ लागला होता. चष्मा पुसणे, उत्तर देण्याआधी थांबणे, समोरच्याला बोलू देणे या बारीक क्रियांतून ‘हा आता काहीतरी जाणून आहे’ एवढेच कळत होते. काय जाणून आहे हे कळत नव्हते. कादंबरीचा निवेदक, म्हणजे कथा सांगणारा आवाज, वाचकाला पात्राच्या मनात नेऊ शकतो. कॅमेऱ्याला तो अधिकार नसल्यामुळे नटाच्या चेहऱ्यावरच निवेदनाचा भार येतो आणि तो गिनेस यांनी असा पेलला की पुढे स्मायली लिहिताना आपल्याला गिनेसच दिसतात, अशी कबुली ल कारे यांनी दिली. ‘टिंकर टेलर’वर २०११ साली टोमास आल्फ्रेडसन यांनी चित्रपट केला, त्यात गॅरी ओल्डमन स्मायली झाले; सात भागांचे कथानक सुमारे दोन तासांत बसवल्यावर पुन्हा ‘कळत नाही’ ही तक्रार आली, मात्र या वेळी तिचे कारण संथपणा नसून घाई हे होते.

ल कारे यांच्या १९९३ सालच्या ‘द नाइट मॅनेजर’ या कादंबरीची सहा भागांची मालिका २०१६ साली आली तेव्हा प्रेक्षकाला गोंधळात टाकण्याचा धोका निर्मात्यांनी पत्करला नाही. पटकथाकार डेव्हिड फार आणि दिग्दर्शक सुसान बियर यांनी कथा इजिप्तमधील २०११च्या उठावाच्या काळात आणली, शस्त्रव्यापारी रोपर हाच खलनायक हे आरंभीच सांगून टाकले आणि गुप्तहेर अधिकारी बर या मूळच्या पुरुष पात्राची गर्भवती स्त्री केली. येथे रीत ‘मुद्राराक्षसा’ची आहे: शत्रूच्या घरात आपला माणूस शिरला आहे हे प्रेक्षकाला ठाऊक, रोपरला नाही. मालिका लोकप्रिय झाली, बियर यांना दिग्दर्शनाचा एमी पुरस्कार मिळाला, आणि वादाचा विषय ठरला तो शेवट. कादंबरीत रोपर सुटून जातो व त्याचा व्यापार चालू राहतो. मालिकेत तो त्याच्याच फसवल्या गेलेल्या ग्राहकांच्या हाती पडतो. सामान्य प्रेक्षकाला या न्यायाने समाधान दिले, तर ल कारे यांच्या वाचकाला त्यात लेखकाचे मुख्य प्रतिपादनच निसटल्याचे जाणवले, कारण सत्ता आणि शस्त्रव्यापार यांचे साटेलोटे इतके पक्के असते की सत्य कळूनही काही बदलत नाही, हेच त्या कादंबरीला सांगायचे होते. माहिती मिळणे आणि न्याय मिळणे या दोन गोष्टी कादंबरीने वेगळ्या ठेवल्या होत्या आणि मालिकेने त्या एक केल्या.

याच मालिकेचे हिंदी रूप २०२३ साली आले आणि रूपांतराचे रूपांतर कसे चालते याचे ते उपयुक्त उदाहरण आहे. त्यातही गुप्तचर अधिकारी गर्भवती स्त्रीच आहे, म्हणजे हिंदी मालिकेचा मूळ आधार कादंबरीपेक्षा ब्रिटिश मालिका हाच आहे. कैरोच्या हॉटेलाची जागा ढाक्यातल्या हॉटेलाने घेतली, आणि अनिल कपूर यांनी रोपरच्या जागी शेली रुंगटा हा गोडबोल्या शस्त्रव्यापारी उभा केला. फेब्रुवारीत चार भाग दाखवून उरलेले तीन जूनअखेर दाखवण्याची पद्धत मात्र प्रेक्षकांना खटकणारी होती. आठवड्याची प्रतीक्षा उत्कंठा वाढवते, तर चार महिन्यांची प्रतीक्षा तोवर हाती आलेली माहितीच पुसून टाकते.

सध्याच्या काळात या कलाप्रकाराची चर्चा ‘स्लो हॉर्सेस’वाचून पूर्ण होत नाही. मिक हेरन यांच्या कादंबरीमालेतील पहिली कादंबरी २०१० सालची आणि तिच्यावरील मालिका एप्रिल २०२२मध्ये अ‍ॅपलच्या वाहिनीवर सुरू झाली. दर हंगामाला सहा भाग आणि एक कादंबरी असे प्रमाण तिने ठेवले. चुका केलेल्या हेरांना लंडनमधील ‘स्लाव हाउस’ नावाच्या कळकट इमारतीत फायली चाळत बसवले जाते, म्हणून त्यांना ‘मंद घोडे’ अशा अर्थाचे, त्या इमारतीच्या नावाशी जुळणारे टोपणनाव पडले आहे. त्यांचा प्रमुख जॅक्सन लँब हा घाणेरडा, उर्मट आणि विलक्षण चाणाक्ष माणूस गॅरी ओल्डमन यांनी साकारला. स्मायलीचा संयम ज्याने एकदा धारण केला त्यानेच लँबचा गबाळेपणा पांघरावा, हा योगायोग जाणत्या प्रेक्षकाने लगेच टिपला आणि मालिकेला मिळालेल्या प्रतिसादात त्याचा वाटा आहे.

हेरन यांच्या वाचकांना जी उणीव जाणवते ती निवेदकाच्या आवाजाची आहे. कादंबऱ्यांत हा आवाज खोडकर असतो. तो वाचकाला इमारतीच्या जिन्यावरून एखाद्या अदृश्य पाहुण्यासारखा वर नेतो, प्रत्येक खोलीतील माणसाची फजिती सांगतो आणि मध्येच वाचकालाही चकवतो. विल स्मिथ या विनोदी लेखकाने पटकथेत हा उपहास लँबच्या बोलण्यात आणि पात्रांच्या आपसातील खटक्यांत वाटून दिला. २०२४ साली त्याच लेखनाला एमी पुरस्कार मिळाला. हा उपाय बहुतांशी साधला असला तरी सर्वत्र साधलेला नाही. संगणकतज्ज्ञ रॉडी हो स्वतःला अत्यंत रुबाबदार समजतो आणि कादंबरीत वाचक त्याच्या डोक्यात बसून त्याचा हा भ्रम अनुभवतो. पडद्यावर तोच भ्रम बाहेरून दिसत असल्यामुळे तो विनोदी होतो, पण त्यातली केविलवाणी एकाकी बाजू कमी पोहोचते. उलट लँबच्या बाबतीत मालिकेचा फायदा झाला आहे, कारण त्याच्या मनात कादंबरीही वाचकाला क्वचितच शिरू देते व त्याला किती ठाऊक आहे हे न कळणे हीच त्याची शक्ती आहे.

या मालिकेच्या वेळी जाणत्या-अजाणांचा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. ती सुरू झाली तेव्हा मालेतील सात कादंबऱ्या प्रसिद्ध होत्या, म्हणजे कोणते पात्र कधी मरणार हे वाचकाला कित्येक हंगाम आधी माहीत होते. कथेचा उलगडा आधीच सांगून टाकण्याला हल्ली ‘स्पॉयलर’ म्हणतात, आणि तो न देणे हा प्रेक्षकांमधील अलिखित शिष्टाचार झाला आहे. वाचलेल्याने न वाचलेल्याजवळ गप्प राहावे, त्याच्या अंदाजांना चेहऱ्यावरूनही दुजोरा देऊ नये, अशी अपेक्षा असते. हेरकथेतल्या फितुराची अवस्था यापेक्षा फार वेगळी नसते. घरातल्या दिवाणखान्यात चालणारा हा छोटा कपटव्यवहार या प्रकाराच्या आस्वादाचा भाग बनला आहे, आणि तो भाग आठवड्याला एक भाग दाखवण्याच्या पद्धतीत टिकतो, सर्व भाग एका रात्रीत पाहून टाकण्याच्या पद्धतीत विरून जातो.

चार दशकांचा हा आढावा घेता कलाप्रकाराच्या सद्यःस्थितीविषयी एक निष्कर्ष काढता येतो. १९७९च्या मालिकेने प्रेक्षकाला कमी सांगितले आणि टीका ओढवून घेतली. २०१६च्या मालिकेने सारे सांगून टाकले आणि शेवटी मूळ कृतीची कडवट शंका गमावली. ‘स्लो हॉर्सेस’ने सांगणे आणि लपवणे यांचा समतोल विनोदाच्या आधारे साधला, पण कथानकांची गती इतकी वाढवली की स्मायलीसारख्या माणसाला विचार करायला तिच्यात जागा उरली नसती. या तिन्हींपैकी अजाणाला पहिल्यांदा पकडून ठेवण्यात शेवटच्या दोन सरस आहेत, आणि आजचा व्यवसाय त्याच कसोटीवर चालतो. हेरमालिकेची खरी परीक्षा मात्र सगळे ठाऊक झालेल्या प्रेक्षकासमोर होते. ‘टिंकर टेलर’च्या पहिल्या प्रसंगात चार वरिष्ठ अधिकारी एकेक करून एका खोलीत जमतात, फारसे कोणी बोलत नाही, आणि बिल हेडन हातात चहाचा कप व त्यावर झाकण म्हणून बशी ठेवून आत येतो. कादंबरीत नसलेला हा प्रसंग अजाणाला निरर्थक आणि लांबलेला वाटतो. घरभेदी हेडनच आहे हे माहीत असलेला प्रेक्षक मात्र तो पुन्हा पाहताना त्या बशीवरून नजर हलवू शकत नाही.