नॉर्वेची होडी

नॉर्वे हा देश मी दोनदा पाहिला, आणि दोन्ही वेळा फ्लोरिडात. पहिल्या खेपेला तो तिथे होता, दुसऱ्या खेपेला नव्हता.

हे कोडं नाही. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये एपकॉट नावाची एक बाग आहे. तिथे तळ्याभोवती ११ देशांची दालनं मांडून ठेवली आहेत. आपल्या गणपतीच्या देखाव्यासारखाच प्रकार. फक्त वर्गणी जबर आणि प्रसाद नाही. भारत त्या ११ जणांत नाही. का नाही, म्हणून पहिल्यांदा मला राग आला होता. आता येत नाही. ते पुढे सांगतो.

१९९९ साली चिरंजीव नुकते तिकडे नोकरीला लागले होते. त्यांनी आम्हा उभयतांना हौसेने नॉर्वेच्या दालनात नेलं. तिथे १९८८ पासून ‘मेलस्ट्रॉम’ नावाची होडीची सफर होती. व्हायकिंग लोकांच्या बेताची होडी; आपण बसायचं, ती आपली आपण अंधारात शिरते. पुढे एक तीन डोक्यांचा राक्षस, त्यांच्या भाषेत ट्रोल, मंत्र घालतो आणि होडी चक्क उलटी चालू लागते. सौभाग्यवतींनी माझा दंड धरला. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी हा योग आला होता. मग पांढरी अस्वलं, मग एकदम खाली घसरण, आणि डोळे उघडून बघतो तर वादळी समुद्रात तेलाची विहीर!

राक्षसानंतर तेलाची विहीर कशाला, हे मला तेव्हा कळेना. पुढे कळलं की दालनासाठी नॉर्वेतल्या कंपन्यांनी पैसा घातला होता. मग बरोबर आहे. वर्गणीदाराचं नाव कमानीवर यायचंच!

होडीतून उतरल्यावर नॉर्वेविषयी पाच मिनिटांचा एक बोलपट होता. त्या थिएटरला एका बाजूने आत यायची दारं आणि समोर बाहेर जायची दारं. बहुतेक मंडळी या दारातून त्या दारात अशी सरळ चालत जात, वऱ्हाडी जसे मंगलाष्टकं चालू असताना पंगतीकडे सरकतात तशी. आम्हीही गेलो. चिरंजीव म्हणाले, “बाबा, बोअर आहे.”

ऑक्टोबर २०१४ मध्ये ती सफर बंद झाली. जून २०१६ मध्ये त्याच जागी ‘फ्रोझन’ सिनेमाची सफर सुरू झाली आणि २०१८ साली मी नातीबरोबर त्याच होडीत बसलो. त्याच म्हणजे अक्षरशः त्याच. होडी तीच, पाणी तेच, उलटं जाणंही तेच. फक्त मंत्र घालणाऱ्या राक्षसाऐवजी आता बर्फाची राणी गाणं म्हणते. ट्रोल आहे, पण तो पोराबाळांना गोष्ट सांगत बसला आहे. निवृत्तीनंतर सगळ्यांचंच असं होतं, म्हणून मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

नवी सफर जुनीपेक्षा चांगली आहे, हे कबूल केलंच पाहिजे. देखावा सुरेख, बाहुल्या जिवंत वाटाव्यात अशा. नात टाळ्या पिटत होती. जुनं ते सोनं, असं मी म्हणणार नाही. ते पितळच होतं, आणि कल्हईही उडाली होती. पण ते पितळ नॉर्वेचं होतं. तेलाची विहीर कितीही बेंगरूळ दिसली तरी तो देश खरोखर तेल काढतो. राणीचं अरेन्डेल हे राज्य मात्र नकाशात कुठेच नाही. बरं, सिनेमा बेतला आहे तो अँडरसनच्या हिमराणीच्या गोष्टीवर, आणि अँडरसन पडला डेन्मार्कचा. नॉर्वे १८१४ साली डेन्मार्कच्या अमलातून सुटला. बरोबर दोनशे वर्षांनी, फ्लोरिडात का होईना, पुन्हा हातचा गेला!

भारताचं दालन नाही याचा राग का गेला, ते आता लक्षात आलं असेल. समजा, झालं असतं दालन. किल्ला उभारला असता, लेणी कोरली असती. वीस-पंचवीस वर्षांनी रंग उडाला असता आणि कुणीतरी म्हणालं असतं, “पोरांना हे बोअर होतं, इथे छोटा भीमचं ढोलकपूर करा.” आणि आपलीच पोरं रांगेत पहिली उभी राहिली असती.

होडीतून उतरल्यावर नातीने विचारलं, “आजोबा, नॉर्वे म्हणजे अरेन्डेलमध्येच ना?”

“नाही गं. नॉर्वे खराखुरा देश आहे.”

“मग तिथे काय असतं?”

मी सांगू लागलो. समुद्र असतो, थंडी असते, तेल असतं... आणि थांबलो. पुढचं येईना. डिस्नेवाल्यांवर चढवलेला आवाज घशातच राहिला. पाच मिनिटांचा तर बोलपट होता. त्यांनी तो अठ्ठावीस... छे, सव्वीस वर्षं लावून ठेवला होता. दाराबाहेर आम्ही चालत गेलो होतो.

“आजीला विचार,” मी म्हटलं.

“तिने मघाशी सांगितलं, की आजोबांना सगळं माहीत असतं.”