उभ्याने पाहण्याचा हक्क

फुटबॉलचा सामना प्रेक्षकाने उभ्याने पाहावा की बसून, हा प्रश्न मराठी वाचकाला पहिल्यांदा क्षुल्लक वाटेल. ज्याला बसायचे तो बसेल, ज्याला राहवणार नाही तो उठेल. पण इंग्लंडमध्ये याच प्रश्नावर एका न्यायमूर्तींनी अहवाल लिहिला, त्यावर देशातील मोठ्या मैदानांची रचना बदलली आणि तीन दशकांनंतर ती बंदी पुन्हा सैल करावी लागली. या साऱ्याच्या मुळाशी ९७ माणसांचे मृत्यू आहेत. आपल्याकडे कोल्हापूरच्या राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर हा प्रश्न दर हंगामात उभा असतो, फक्त कोणी तो विचारत नाही.

या लेखात तीन ग्रंथांचा विचार केला आहे : एलियास कानेटी यांचा गर्दीविषयीचा ग्रंथ (१९६०), न्यायमूर्ती पीटर टेलर यांचा हिल्सबरो अहवाल (१९९०) आणि निक हॉर्नबी यांचे ‘फीव्हर पिच’ (१९९२). पहिला तत्त्वचिंतकाचा, दुसरा न्यायाधीशाचा, तिसरा एका चाहत्याचा. तिघेही एकाच माणसाकडे पाहतात. तो माणूस कोण, याविषयी मात्र तिघांचे मत वेगळे आहे.

हे लेखन मालवण किनाऱ्यावरच्या तोंडवलीत बसून होत आहे, हे सांगणे आवश्यक आहे. या किनाऱ्याला मोठे स्टेडियम नाही, पण प्रेक्षक आहे. जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात दशावतार रंगतो तेव्हा पुढचे लोक जमिनीवर बसतात, मागचे उभे राहतात आणि त्यांच्याही मागचे मिळेल त्या कठड्यावर चढतात. पुढे कोणी उठले की मागून आवाज येतो, “फुडल्यांनू, खाली बसा रे!” जागेचा क्रमांक नसतो, पण मागच्याच्या नजरेचा मान राखण्याचा एक अलिखित करार असतो. कबड्डीच्या मैदानाभोवतीचे कडेही असेच बनते. अशा प्रेक्षकाला ‘उभे राहणे बेकायदा आहे’ असे सांगितले तर तो गोंधळेल. मात्र त्याचा करार किती माणसांपर्यंत टिकतो, हाही प्रश्न आहे. तीनशे माणसांचे भान हाकेने राखता येते, तीस हजारांचे नाही.

मराठी भाषेने या दोन अवस्थांना केव्हाच वेगवेगळे अर्थ देऊन ठेवले आहेत. आपण एखाद्याच्या पाठीशी उभे राहतो, निवडणुकीला उभे राहतो, संकटात उभे राहतो. बसणे मात्र मान्यतेचे आणि मालकीचे असते : गादीवर बसणे, पंगतीला बसणे, बैठक जमणे. लावणीतही बैठकीची आणि फडाची असा भेद आहे. बैठकीची लावणी निवडक रसिकांपुढे, दिवाणखान्यात, फडाची लावणी भरल्या गर्दीपुढे. बसण्याची जागा नेमली की प्रेक्षकांची निवड आपोआप होते, हे आपल्या तमाशाच्या इतिहासाला ठाऊक आहे.

कानेटींनी माणसाच्या शारीरिक अवस्था आणि सत्ता यांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. उभा माणूस कशाचाही आधार घेत नाही, म्हणून तो स्वतंत्र दिसतो. खुर्चीचे मूळ त्यांना सिंहासनात दिसते : बसणारा आपले वजन दुसऱ्या कशावर तरी टाकतो आणि तेथे टिकून राहण्याचा अधिकार सांगतो. मैदानातील गर्दीला ते कडे म्हणतात. प्रेक्षक शहराकडे पाठ करून बसतो आणि समोर त्याला आपल्यासारख्याच हजारोंचे चेहरे दिसतात, त्यामुळे गर्दी स्वतःलाच पाहत वाढते. संगीताच्या मैफलीतला प्रेक्षक मात्र त्यांना आवरलेली गर्दी वाटतो. त्याने हलायचे नाही, टाळ्याही नेमल्या वेळीच वाजवायच्या. हे वर्णन विलक्षण नेमके आहे. पण कानेटी गर्दीला एकच प्राणी मानतात. त्या प्राण्याच्या आत एका माणसाच्या छातीवर दुसऱ्याचा कोपर किती दाबला जातो, हा हिशेब त्यांच्या ग्रंथात नाही. तो हिशेब टेलर यांना करावा लागला.

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा एफए चषकाचा उपांत्य सामना होता. इंग्रजीत ज्यांना टेरेस म्हणतात त्या आपल्या गच्च्या नव्हेत. त्या सिमेंटच्या उतरत्या पायऱ्या, तिकीट काढून उभे राहण्यासाठी केलेल्या. लिव्हरपूलच्या बाजूला अशा पायऱ्यांची १०,१०० तिकिटे होती आणि आत जायला फिरती फाटके अवघी ७. बाहेर गर्दी दाटली तेव्हा पोलिसांनी एक मोठे दार उघडले. लोंढा सरळ समोरच्या बोगद्यातून मधल्या दोन कोंडवाड्यांत शिरला. ते आधीच भरले होते आणि बाजूचे कप्पे मोकळे होते. मैदानात कोणी उतरू नये म्हणून समोर उंच जाळी होती. कोणत्या कप्प्यात किती माणसे आहेत, हे मोजण्याची सोयच नव्हती. एक कठडा मोडला. सामना सुरू होऊन सहा मिनिटे झाली तेव्हा तो थांबवला गेला.

टेलर यांनी ऑगस्ट १९८९ मध्ये अंतरिम आणि जानेवारी १९९० मध्ये अंतिम अहवाल दिला. हा अहवाल साहित्याच्या अभ्यासकानेही वाचावा असा आहे. वाक्ये छोटी, विशेषणे कमी आणि राग दाबून धरलेला. फुटबॉल मैदानांच्या सुरक्षेवरचा हा नववा सरकारी अहवाल आहे, हे ते खेदाने नोंदवतात. आधीच्या आठांचे काय झाले, हे वाचकाने समजायचे. दुर्घटनेचे मुख्य कारण म्हणून ते पोलिसांच्या नियंत्रणातील अपयशाकडे बोट दाखवतात. प्रेक्षकांची घाणेरड्या स्वच्छतागृहांत, गळक्या आडोशाखाली कशी हेळसांड होते, याचे ते वर्णन करतात आणि माणसाला जसे वागवाल तसा तो वागेल, असे सुचवतात. प्रत्येक चाहत्याला ओळखपत्र देण्याची सरकारची योजनाही ते नाकारतात. म्हणजे प्रेक्षकाकडे संशयाने पाहणारा हा न्यायाधीश नव्हे.

तरीही अंतिम अहवालातील ७६ शिफारशींपैकी लोकांच्या लक्षात राहिली ती एकच : मोठ्या मैदानांतून उभ्या पायऱ्या काढा, सर्वत्र खुर्च्या बसवा. येथे अहवालाची तर्कसाखळी सैल होते. त्यांनीच मांडलेला पुरावा सांगतो की माणसे मेली ती उभी होती म्हणून नव्हे. आत किती गेले हे कोणी मोजले नाही, लोंढा भरल्या कप्प्याकडे वळवला गेला, समोर जाळी होती आणि जबाबदार अधिकारी वेळेवर निर्णय घेऊ शकले नाहीत. टेलर स्वतः म्हणतात की खुर्च्या हा रामबाण उपाय नाही, पण कोणत्याही एका उपायापेक्षा त्या अधिक काम करतात. त्यांचा मुद्दा समजण्यासारखा आहे : खुर्ची मोजता येते. शंभर खुर्च्यांवर शंभरच माणसे बसणार. खुर्ची ही त्यांच्या दृष्टीने मोजमापाचे साधन होती.

पण मोजण्याचे साधन आणि बसण्याची सक्ती या दोन गोष्टी आहेत. त्या एक मानल्यामुळे पुढचे घडले. १९८५ मध्ये ब्रॅडफर्डला ५६ माणसे जळून गेली, ती आग बसून पाहण्याच्या लाकडी गॅलरीला लागली होती. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल–मोहन बागान सामन्यात १६ चाहते गेले. तेथे दोन्ही संघांचे समर्थक एकाच गॅलरीत मिसळलेले होते. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूत क्रिकेट संघाच्या विजयोत्सवात चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांशी ११ जण चेंगरून मेले. आत खुर्च्या होत्या, मृत्यू बाहेर होता. आणि २००५ मध्ये साताऱ्याजवळच्या मांढरदेवीला तीनशेच्या आसपास भाविक गेले, तेथे तर खेळच नव्हता. या सर्वांना जोडणारा धागा खुर्ची नसणे हा नाही. दारे, वाटा, मोजदाद आणि जबाबदार माणूस यांचा अभाव हा आहे.

याला एक उत्तर दिले जाते आणि ते गंभीरपणे घ्यावे लागते. खुर्च्या आल्यानंतर इंग्लंडच्या मैदानांत तसे पुन्हा घडले नाही. हे खरे आहे. पण त्याच काळात जाळ्या काढल्या गेल्या, क्षमतेचे दाखले काटेकोर झाले, प्रशिक्षित सेवक नेमले गेले. पाच औषधे एकदम दिल्यावर गुण कोणत्या गोळीचा, हे सांगणे अवघड. शिवाय हिल्सबरोत माणसे गमावलेल्या कुटुंबांपैकी अनेकांनी उभ्या पायऱ्यांना वर्षानुवर्षे विरोध केला. त्यांच्याशी युक्तिवाद करताना आवाज खाली ठेवावा लागतो. त्यांच्या माणसांवरच दारू आणि दंगलीचा आळ घातला गेला होता. पोलिसांचे १६४ जबाब बदलले गेल्याचे २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने उघड केले आणि २०१६ मध्ये ज्यूरीने प्रेक्षक निर्दोष असल्याचे सांगितले. सत्तावीस वर्षे खोट्याशी झगडलेल्या माणसाला ‘पायऱ्या परत आणू’ हे वाक्य कसे ऐकू येईल, याचे भान चाहत्यांच्या संघटनांनाही ठेवावे लागले.

हॉर्नबींचे पुस्तक या दोन बाजूंच्या मध्ये उभे आहे, आणि म्हणून ते मोलाचे. आर्सेनलच्या एकेका सामन्याच्या तारखेखाली त्यांनी आपले आयुष्य लिहिले आहे. लहानपणी वडिलांबरोबर खुर्चीवर बसून सामना पाहणारा मुलगा मोठा होऊन नॉर्थ बँकच्या पायऱ्यांवर उभा राहू लागतो, तेव्हा ते त्याच्यासाठी वयात येणे असते. हॉर्नबी त्या पायऱ्यांवर प्रेम करतात, पण हिल्सबरोनंतर त्या तशाच राहाव्यात असे म्हणणे त्यांना जमत नाही. त्यांना दिसणारा धोका वेगळा आहे : गर्दीचा आवाज हाच तर क्लब विकत असतो, आणि तो निर्माण करणाऱ्यांनाच तिकीट परवडेनासे झाले तर विकायला उरेल काय? टेलर यांनी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचे उदाहरण दिले होते : खुर्ची ६ पौंड, उभी जागा ४ पौंड. खुर्च्या आल्या तरी उभ्याने पाहणाऱ्याच्या खिशाला परवडेल असा दर ठेवता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि दर अनेक पटींनी चढले. सरकारने खुर्च्यांची शिफारस अमलात आणली, दरांची सूचना हवेत विरली. अहवालाचा हा अर्धा भाग वाचलाच गेला नाही.

लिव्हरपूलच्या प्रसिद्ध ‘कॉप’ पायऱ्यांवर ३० एप्रिल १९९४ रोजी प्रेक्षक शेवटचे उभे राहिले. हे नाव बोअर युद्धातील स्पिऑन कॉप टेकडीवरून आले. १९०० मध्ये त्याच टेकडीवरच्या जखमींना वाहून नेणाऱ्या हिंदी पथकात गांधीजी होते.

जर्मनीने दुसरी वाट धरली. डॉर्टमुंडच्या दक्षिण गॅलरीत आजही सुमारे २४ हजार लोक उभे राहतात. इंग्लंडमध्येही चाहते खुर्च्यांपुढे उभे राहतच होते आणि ते अधिक धोक्याचे होते. खुर्चीची पाठ नडगीएवढी उंच, गोल झाला की मागचा माणूस तिच्यावरून पुढच्यावर कोसळतो. शेवटी जानेवारी २०२२ पासून पाच मैदानांवर कमरेइतक्या उंच दांड्यांच्या रांगा लावून प्रयोग झाला आणि त्याच वर्षीच्या नव्या हंगामापासून परवानगी मिळाली. एका माणसाला एकच जागा, पुढे दांडी, तिकिटावर क्रमांक. टेलर यांना हवी होती ती मोजदाद येथे आहे, आणि माणूस उभा आहे.

आता कोल्हापूर. येथील फुटबॉल कंपन्यांचा नाही, पेठांचा आणि तालमींचा आहे : पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर लोक बसतात आणि चेंडू गोलजवळ गेला की सगळी गॅलरी उठते. हुल्लडबाजी झाली, सामने थांबले, बंदोबस्त वाढला. प्रत्येक वेळी चर्चा होते ती समर्थकांच्या शिस्तीची. पायऱ्यांची चर्चा होत नाही. कोणत्या गॅलरीत किती माणसे मावतात, उठल्यावर तोल गेला तर पुढे काय आहे, दोन्ही पेठांचे लोक कोणत्या दाराने बाहेर पडतात, हे प्रश्न हिल्सबरोपूर्वीच्या इंग्लंडसारखेच बाजूला राहतात.

याच शहरात खासबाग मैदान आहे. शाहू महाराजांनी रोमचे प्रेक्षागार पाहिल्यानंतर ते बांधून घेतले, १९१२ साली. मधे हौदा आणि चहूबाजूंनी चढता उतार, त्यामुळे जमिनीवर बसलेल्या शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते. तेथे ‘खाली बसा’ असे ओरडण्याची गरज पडू नये, ही सोय मातीच्या उतारातच केलेली आहे. आधी नजरेचा विचार, मग माणसाकडून शिस्तीची अपेक्षा, असा तो क्रम आहे. शंभर वर्षांपूर्वी हे सुचलेल्या शहराला आज फक्त लाठी आणि बंदी सुचावी, याचे वाईट वाटते.

म्हणून उत्तर असे : उभ्याने पाहू द्यावे, पण मोजून. गॅलरीच्या एका भागात कमरेइतक्या दांड्या, पायरीवर रंगवलेले क्रमांक, दारावर मोजणी, गॅलरी भरली की ते दार बंद करण्याचा अधिकार असलेला एक नावानिशी जबाबदार माणूस, आणि दोन समर्थक गटांना वेगळ्या वाटा. वृद्ध, मुले, अपंग आणि ज्यांना बसूनच पाहायचे आहे त्यांच्यासाठी, पुढे कोणी उठणार नाही असा वेगळा भाग. आज ‘उत्साहाच्या’ नावाखाली यांचीच नजर अडवली जाते आणि स्त्रिया त्या पायऱ्यांवर थोड्याच दिसतात. तिकिटाचा दर मात्र तालमीतल्या पोराच्या खिशाकडे पाहून ठरावा.

याला लागणारा खर्च नव्या खुर्च्यांपेक्षा कमी आहे. आणि हे केवळ मोठ्या स्टेडियमपुरते नाही. मार्च २०२२ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात गावच्या फुटबॉल सामन्यात तात्पुरती गॅलरी कोसळून दोनशेच्या आसपास लोक जखमी झाले. आपल्या किनाऱ्यावरही स्पर्धा प्रकाशझोतात आल्या आहेत, कड्याच्या जागी बांबूच्या आणि लोखंडी पायऱ्या येऊ लागल्या आहेत. देवळाच्या आवारातला करार हाकेवर चालत होता. पायऱ्या बांधल्या की तो कागदावर उतरवावा लागतो : किती माणसे, कोणते दार, आणि कोण जबाबदार. स्पर्धेच्या पत्रकावर बक्षिसाच्या रकमेखाली एवढ्या तीन ओळी छापायला कोणत्याही मंडळाला अडचण नसावी.