चांदणी आत लावायची की बाहेर

गेल्या नाताळात मी स्टेटसला फराळाचा फोटो टाकला होता. स्टीलचा मोठा डबा, तळाला वर्तमानपत्राचा कागद, त्यावर करंज्या, शंकरपाळे, चकल्या. पुण्यातल्या एका मित्राचा लगेच मेसेज आला : “अगं, दिवाळी संपून महिना झाला!” मी सांगितलं, हा नाताळचा फराळ आहे. आमच्याकडे नगरला असाच असतो. त्यावर तो म्हणाला, “भारी! म्हणजे तुमचा नाताळ पण आपल्या दिवाळीसारखाच. धर्म-बिर्म काही नाही, मस्त फॅमिली फेस्टिव्हल.”

त्याला कौतुकच करायचं होतं. मीही हसरी इमोजी पाठवून विषय संपवला. पण त्याच सकाळी आईशी फोनवर बोलणं झालं होतं. श्रीरामपूरकडच्या काकांनी यंदाही चांदणी दारावर लावली नव्हती. आतल्या खोलीत, खिडकीचा पडदा ओढून लावली होती. चुलत बहिणीच्या जातीच्या दाखल्याचं काम चालू होतं, आणि काकांना कसलीच जोखीम नको होती.

मित्राला वाटतं, नाताळात आता धर्म उरलेला नाही. काकांना वाटतं, दारावरची कागदी चांदणीसुद्धा धर्माचा पुरावा ठरू शकते. दोघंही बोलत होते त्याच सणाबद्दल, त्याच जिल्ह्यातल्या, जवळजवळ त्याच करंज्यांबद्दल. म्हणून हा लेख. नाताळ हा धार्मिक सण की कुटुंबाचा, हा प्रश्न दर डिसेंबरला कुणीतरी विचारतंच. मला तो नगरहून विचारून बघायचा आहे.

मित्राच्या बाजूने बरंच बोलता येतं, हे आधी मान्य करते. येशूचा जन्म 25 डिसेंबरला झाला असं शुभवर्तमानांत कुठेही लिहिलेलं नाही. झाड, टोपीवाला म्हातारा, केक, यांपैकी काहीच बायबलातलं नाही. उलट कडवे ख्रिस्ती लोकच एके काळी नाताळच्या विरोधात होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटनांनी 1659 साली नाताळ साजरा करण्यावर बंदी घातली होती. पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड. बंदी 1681 मध्ये उठली, पण त्या राज्यात नाताळची सरकारी सुट्टी व्हायला 1856 उजाडलं.

आता यातला नगरचा धागा बघा. 1831 साली नगरला आलेलं अमेरिकन मराठी मिशन ज्या संस्थेने पाठवलं होतं, तिचं मुख्य ठाणं बॉस्टनला होतं. म्हणजे त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये, त्याच प्युरिटनांच्या वारसदारांकडे. आपल्या आजोबा-पणजोबांना येशू सांगणारे हे लोक अशा परंपरेतून आले होते, जिथे नाताळचं फारसं कौतुकच नव्हतं. पुढे जिल्ह्यात अँग्लिकन आले, कॅथलिक आले, मुक्तिफौज आली आणि प्रत्येकाने आपापली रीत आणली. तरी आज आमच्याकडे जो नाताळ दिसतो, तो गोऱ्यांनी पेटीत भरून आणलेला वाटत नाही. तळणाचा वास, अंगणातली रांगोळी, आकाशकंदिलाची सख्खी बहीण वाटावी अशी चांदणी, रात्री पेटी-ढोलकी घेऊन दारोदार गाणी म्हणत फिरणारी पोरं. हे इथल्या माणसांनी, आणि खरं सांगायचं तर इथल्या बायकांनी घडवलेलं आहे.

मग मित्रच बरोबर, नाही का? सण इथल्या घरांनी बनवला, म्हणजे तो घरचाच.

इथे मला एका शब्दापाशी थांबावं लागतं. मराठीत ‘मंडळी’ म्हणजे घरची माणसं. ‘मंडळी कशी आहेत?’ असं आपण विचारतो. जुने लोक बायकोलाही ‘आमची मंडळी’ म्हणायचे. मराठी ख्रिस्ती लोक मात्र चर्चच्या समाजालाही ‘मंडळी’च म्हणतात. अमक्या गावची मंडळी, मंडळीचे पाळक, मंडळीचा हिशेब. लहानपणी मला वाटायचं की हा एकच शब्द आहे. मोठी झाल्यावर कळलं की दोन अर्थ आहेत. आता पुन्हा वाटायला लागलंय की लहानपणीच बरोबर होतं.

कारण नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातले होते. बाप्तिस्मा घेतला की भाऊबंदांशी रोटी-बेटी तुटायची भीती असे. लग्नाला कोण येणार, मयताला खांदा कोण देणार, हे साधे प्रश्न राहत नसत. अशा वेळी रविवारी शेजारी बसणारी माणसं हेच नवं गणगोत. घर म्हणून जे मिळालं, ते धर्म बदलल्यामुळेच मिळालं, आणि धर्म बदलला म्हणूनच आधीचं घर गेलं. तिथे ‘धार्मिक’ आणि ‘कौटुंबिक’ असे दोन डबे वेगळे कसे काढणार? कुटुंबाचा सण असं सहज म्हणता येतं ते ज्याला कुटुंब फुकट मिळालं त्यालाच.

हे सगळं एका पुस्तकात आहे, आणि ते तुम्ही-आम्ही सगळ्यांनी शाळेत धड्यापुरतं वाचलंय. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’.

या पुस्तकाशी आपण जे केलं, तेच माझ्या मित्राने नाताळशी केलं, असं माझं म्हणणं आहे. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागांनी छापून आलं, आणि तेव्हापासून त्याचं कौतुक ठरलेल्या शब्दांत होतं : खेळकर, प्रांजळ, घरगुती. विक्षिप्त कवी नवरा, सोशिक पण मिश्कील बायको, सासऱ्यांचा संताप, पैशांची ओढाताण, आणि त्यातून फुटणारं हसू. हे सगळं खरंच आहे. पण धडा म्हणून उतारा निवडताना, समारंभात वाचताना, हसणाऱ्या जागा निवडल्या जातात आणि पुस्तकाचा कणा बाजूला राहतो. हा संसार मोडतो धर्मामुळे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी नारायण वामन टिळक मुंबईत बाप्तिस्मा घेतात आणि त्यांची बायको नवरा जिवंत असताना परकी होते. पुढची काही वर्षं ती नातेवाइकांकडे राहते, मुलगा बरोबर, आणि लोकांच्या नजरा. मग ती नवऱ्याकडे नगरला येते. येते तीही आपलं सोवळं घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं.

पुस्तकातलं खरं वळण मला त्यानंतरचं वाटतं. जात देवाने केली नाही, माणसानेच केली, असं तिचं मन एके दिवशी घेतं, आणि ती ठरवते की यापुढे कुणाच्याही हातचं खायचं. लक्षात घ्या, तेव्हा ती अजून ख्रिस्ती झालेली नव्हती. बाप्तिस्मा नंतर झाला, 1900 साली, राहुरीला. म्हणजे आधी ताट बदललं, मग देव.

हा क्रम धार्मिक की घरगुती? तुम्ही म्हणाल, जेवण ही घरातली गोष्ट. पण आपल्याकडे कुणाच्या हातचं खायचं यापेक्षा मोठी धर्माची गोष्ट कुठली होती? लक्ष्मीबाईंचं धर्मांतर स्वयंपाकघरात झालं. चर्चमध्ये फक्त त्याची नोंद झाली. म्हणून ‘घरगुती’ हा शब्द त्या पुस्तकाला लावायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती ‘फक्त’ला. फक्त घरगुती म्हटलं की लक्ष्मीबाईंनी दिलेली किंमत पुसली जाते, आणि उरते ती आपल्याला हसवणारी एक गोड आजी.

आमच्या घरातला डबा मी आता तसाच बघते. नाताळच्या सकाळी उपासना झाली की आई ताटं भरते, वर रुमाल टाकते आणि आम्हाला शेजारीपाजारी पिटाळते. महिन्यापूर्वी त्यांच्याकडून दिवाळीचं ताट आलेलं असतं, त्याची परतफेड रिकाम्या ताटाने करायची नसते. आजी हे काम स्वतः करायची, आणि शेजारणीने तिच्यासमोर करंजी तोंडात टाकली की थोडा वेळ काहीच बोलायची नाही. मला ते तेव्हा विचित्र वाटायचं. तिच्या लहानपणी तिच्या आईच्या हातचं गावात कुणी खात नव्हतं, हे मला खूप उशिरा कळलं. शेजारणीने करंजी खाल्ली, ही आजीसाठी सणाची मुख्य घटना होती. तिला कुणी विचारलं असतं, बाई, हे धार्मिक की कौटुंबिक, तर तिला प्रश्नच समजला नसता.

आता काकांच्या चांदणीकडे येते, कारण तिथे हा प्रश्न चर्चेपुरता उरत नाही.

1998 साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या एका वकिलाने दावा लावला की नाताळची सरकारी सुट्टी म्हणजे सरकारने एका धर्माची बाजू घेणं. कोर्टाने दावा फेटाळला. न्यायाधीशांनी निकालाच्या आरंभी चक्क यमकं जुळवली, आणि सांगितलं की या सुट्टीला धर्माबाहेरचाही अर्थ आहे, लोक ती घरच्यांसोबत घालवतात. तिथे नाताळला ‘कुटुंबाचा सण’ म्हटल्याने त्याला आश्रय मिळाला.

आपल्याकडे 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश आहे. अनुसूचित जातीचा माणूस हिंदू नसेल तर त्याला अनुसूचित जातीचा समजायचं नाही, असं त्यात आहे. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळला, तेव्हा लहानपणी झालेला बाप्तिस्मा आणि नेमाने चर्चला जाणं या गोष्टी तिच्या विरोधात गेल्या. दोन्ही खटल्यांचा विषय वेगळा आहे, मला कळतं. पण शेजारी ठेवून बघा. एका देशात सणातला धर्म मोजण्याइतका उरलाच नाही म्हणून सुट्टी टिकते. दुसऱ्या देशात रविवारचं चर्चसुद्धा मोजलं जातं. चर्चला गेल्यावर जात सुटते असं कायदा म्हणतो. गावातली विहीर, गावातली लग्नं आणि गावातली स्मशानं तसं म्हणत नाहीत, हे नगर जिल्ह्यात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

म्हणून “धर्म-बिर्म काही नाही” हे वाक्य मोकळं वाटलं तरी ते बोलण्याची ऐपत सगळ्यांची सारखी नाही. माझा मित्र 25 डिसेंबरला लाल टोपी घालून रील टाकतो, त्याच्या कुठल्याच कागदावर ओरखडा उमटत नाही. काका तसं काही करत नाहीत, तरी पडदा ओढतात.

याचा अर्थ नाताळ ‘शुद्ध धार्मिक’ करा, फराळ-कंदील बाजूला ठेवा, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी आहे का? तसेही लोक आहेत, आमच्यातच आहेत. त्यांना करंजीत हिंदूपण दिसतं आणि चांदणीत दिवाळी. त्यांच्याशी माझं भांडण जास्त जुनं आहे. ना. वा. टिळकांनी अभंगात आणि ओवीत येशू गायला, म्हणून तो इथल्या बायकांच्या ओठांवर बसला. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. 1917 मध्ये टिळकांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही येऊ शकत होते. दार उघडं ठेवल्याने श्रद्धा पातळ होते, असं त्यांना वाटलं नाही. आणि नगर जिल्ह्याला हे नवीन नाही. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरात सगळ्या जातिधर्मांची माणसं येतात. शिर्डीबद्दल तर बोलायलाच नको. सगळे येतात म्हणून तिथे धर्म नाही, असं कुणी म्हणतं का?

तेच नाताळचं. माझ्या मित्राने जरूर यावं, केक कापावा, टोपी घालावी, दोन करंज्या जास्त खाव्यात. सण सगळ्यांचा होऊ शकतो. फक्त तो सगळ्यांचा व्हावा म्हणून तो कुणाचाच नव्हता, असं म्हणायची गरज नाही. आमच्या सणात कुटुंब आहे, कारण आमच्या धर्माने आम्हाला एकदा कुटुंबाबाहेर काढलं आणि पुन्हा एका ताटावर बसवलं. हे काढून टाकलं की मागे तळलेल्या करंज्या उरतात, त्या दिवाळीलाही मिळतात.

यंदा काकांकडे गेले होते. चांदणी आतल्या खोलीतच होती, कॉटवरच्या खिळ्याला. लाल कागद, एका कोपऱ्याला चिकटपट्टी. दिवा लावला की सगळी खोली गुलाबी होत होती आणि बहीण त्याच उजेडात अभ्यास करत बसली होती. मी फोटो काढला. स्टेटसला टाकणार होते. मग बहिणीने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी फोन खाली ठेवला.

मित्राला मात्र डबा पाठवलाय. करंज्या आहेत, शंकरपाळे आहेत, आणि खाली, कागदात गुंडाळून, ‘स्मृतिचित्रे’. धडा नाही, अख्खं पुस्तक.