समाज की व्यवस्था? स्थलांतरितांच्या आर्थिक स्वास्थ्याच्या तुलनेची चिकित्सा
(राजगड परिसरातून मुंबईस गेलेले गिरणी कामगार व माथाडी कामगार यांच्या संदर्भात)

प्रास्ताविक

दोन स्थलांतरित समाजांच्या आर्थिक स्थितीची तुलना हा सामाजिक शास्त्रांतील एक रूढ अभ्यासप्रकार आहे. दोन समाज निवडावयाचे, त्यांचे उत्पन्न, शिक्षण, घराची मालकी व व्यवसाय यांचे तक्ते मांडावयाचे आणि अखेरीस एक समाज दुसऱ्यापेक्षा अधिक ‘यशस्वी’ का ठरला याचे उत्तर त्या समाजाच्या स्वभावात शोधावयाचे, अशी या अभ्यासांची सर्वसाधारण मांडणी असते. कष्टाळूपणा, काटकसर, कुटुंबनिष्ठा, शिक्षणाची ओढ हे शब्द अशा निष्कर्षांत हटकून येतात. प्रस्तुत लेखात या मांडणीची चिकित्सा केली आहे. त्यासाठी सह्याद्रीच्या एकाच घाटमाथ्यावरून मुंबईस गेलेल्या दोन श्रमिक समूहांचा आधार घेतला आहे.

अमेरिकेतील इजिप्शियन व व्हिएतनामी स्थलांतरितांची तुलना हे या अभ्यासप्रकाराचे एक बोलके उदाहरण होय. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने देशनिहाय कोट्याची जुनी पद्धत मोडीत काढली. त्यानंतर तेथे गेलेल्या इजिप्शियनांत डॉक्टर, अभियंते, औषधशास्त्राचे पदवीधर असा सुशिक्षित वर्ग मोठा होता. याउलट एप्रिल १९७५ मध्ये सायगावचा पाडाव झाला आणि त्याच वर्षी सव्वा लाखाच्या आसपास व्हिएतनामी निर्वासित म्हणून अमेरिकेत पोहोचले. पुढील वर्षांत होड्यांतून निसटलेल्यांची त्यात भर पडली. पहिल्या समूहाने पदवी नेली, दुसऱ्याने फक्त जीव नेला. मात्र निर्वासित म्हणून दुसऱ्या समूहाला शासकीय पुनर्वसन साहाय्याचा आधार मिळाला. पदवीच्या बळावर व्हिसा मिळविणाऱ्यास तसा आधार नव्हता, आणि परदेशी पदवीला तेथे मान्यता मिळेलच याची हमीही नव्हती. शिवाय एका छपराखाली चार कमावते हात असलेल्या कुटुंबाचे एकत्रित उत्पन्न आणि एकट्या कमावत्याच्या कुटुंबाचे उत्पन्न एकाच स्तंभात लिहिले, तर तो स्तंभ दिशाभूल करतो. तेव्हा येथे तुलना नेमकी कशाची होते? दोन समाजांची, की ते ज्या दोन दारांतून आत आले त्या दारांची?

हा प्रश्न सोडविण्यास अमेरिकेचे उदाहरण पुरेसे नाही. तेथे भाषा, धर्म, शिक्षण आणि प्रवेशाचा मार्ग हे सारेच घटक एकाच वेळी बदलतात. मूळ गाव, भाषा, शिक्षण व शेतीची स्थिती समान आणि शहरातील कामाची व्यवस्था मात्र भिन्न, अशी जोडी मिळाली तर उत्तर अधिक स्पष्ट होईल. तशी जोडी महाराष्ट्रातच उपलब्ध आहे.

घाटमाथा आणि मुंबई

राजगडाच्या पाली दरवाजाला ज्या गावावरून नाव मिळाले ते पाली, आणि भोवतालच्या गुंजवणी, कानंदी व वेळवंडी या नद्यांच्या खोऱ्यांतील गावे, ही भोर व वेल्हे तालुक्यांतील डोंगरी वस्ती होय. (वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला.) पुणे जिल्ह्यातील सर्वांत कमी लोकसंख्येचा तालुका म्हणजे वेल्हे. येथील शेती पावसावरची. राब भाजून केलेली भातरोपे, वरकस जमिनीवरील नाचणी व वरई, आणि भातकापणी संपली की रिकामे हात, असे येथील वर्षाचे चक्र असे. पाऊस मुबलक असला तरी त्याचे पाणी खाली जाते. भाटघरचे पाणी नीरा कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणच्या शेतीला मिळाले, पानशेत व वरसगावचे पुणे शहराला व दौंडकडील पट्ट्याला मिळाले. ज्यांच्या जमिनी धरणांत गेल्या त्यांच्या खोऱ्यांतून पाण्यापाठोपाठ माणसेही उतरली. त्यांतील अनेकांची वाट मुंबईची होती.

मुंबईत या घाटी माणसापुढे प्रामुख्याने दोन दारे होती. एक दार गिरणीचे. १८५६ मध्ये ताडदेव येथे कावसजी दावर यांची गिरणी सुरू झाल्यापासून लालबाग, परळ, वरळी हा भाग गिरणगाव म्हणून वाढत गेला. तेथे कोकणातील चाकरमानी संख्येने अधिक असले तरी घाटावरील माणूसही साच्यावर उभा राहिला. दुसरे दार बंदर, गोदी आणि घाऊक बाजाराचे. मस्जिद बंदर, दाणा बंदर, चिंचबंदर येथे पोती पाठीवर व माथ्यावर वाहणारा तो माथाडी. सातारा जिल्ह्यातील जावळी, पाटणपासून पुणे जिल्ह्याच्या पश्चिम तालुक्यांपर्यंतचा डोंगरी पट्टा या श्रमाचा मोठा पुरवठादार ठरला.

या दोन समूहांत ‘समाज’ म्हणून फरक काढणे कठीण आहे. एकाच वाडीतील, अनेकदा एकाच घरातील दोन भावांपैकी एक खात्यात लागे आणि दुसरा टोळीत. दोघेही गावकीच्या खोलीत पथारी टाकत, खानावळीत जेवत, गावी मनीऑर्डर पाठवीत. कोण कोठे लागला हे त्याच्या गुणांपेक्षा त्याला मुंबईत नेणारा आप्त कोठे होता, यावर ठरत असे.

वेतन आणि सुरक्षितता

आर्थिक स्वास्थ्य म्हणजे हाती पडणारी रोख रक्कम एवढाच अर्थ घेतला, तर १९६० च्या दशकापर्यंत गिरणी कामगार निश्चितच वरचढ होता. कायम नोकरीतील विणकराला पगारपत्रक होते, महागाई भत्ता होता, राज्य विमा योजना व भविष्य निर्वाह निधी होता. हमालाला यांपैकी काहीच नव्हते. त्याची मजुरी व्यापारी व मुकादम यांच्या मर्जीवर ठरे. तो कोणाचाच नोकर नसल्यामुळे त्याच्या आजारपणाची वा म्हातारपणाची जबाबदारीही कोणावर नव्हती. लग्नाच्या बाजारात गिरणीतील मुलाला मान होता तो याचमुळे.

१९६९ मध्ये या स्थितीला वळण मिळाले. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीच्या रेट्याने महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम मंजूर झाला. या कायद्याची रचना मुळातून समजून घेण्यासारखी आहे. मालक, कामगार व शासन यांचे प्रतिनिधी असलेले मंडळ स्थापन होते. कामगाराची नोंदणी मंडळाकडे, तशीच व्यापाऱ्याचीही मंडळाकडे. टोळीने जेवढा माल उचलला त्याची मजुरी आणि तीवर ठरावीक टक्के लेव्ही व्यापारी मंडळाकडे भरतो. मंडळ मजुरी कामगाराला देते आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, भरपगारी रजा व वैद्यकीय मदत यांची तरतूद करते. कामगार आज एका गाळ्यावर आणि उद्या दुसऱ्या गाळ्यावर काम करीत असला, तरी त्याचे खाते एकच राहते. अर्थात हक्क मालकाला चिकटलेला नाही, तो कामगाराच्या नोंदणीला चिकटलेला आहे.

गिरणी कामगाराचे हक्क कागदावर कमी नव्हते. परंतु ते त्या त्या गिरणीशी बांधलेले होते. उपदान गिरणीच्या तिजोरीतून यावयाचे होते. गिरणी आजारी पडली की कामगाराची देणी थकत. शिवाय १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच संघटनेला प्रातिनिधिक दर्जा दिल्यामुळे कामगारांच्या बदललेल्या निष्ठेला वाटाघाटीच्या मेजावर जागा नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा संप डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली लढला गेला तो या कोंडीतूनच. तो संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. हजारो कामगार गावी परतले. घरच्या भातावर आणि नाचणीवर संप तग धरून राहिला. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगाराचे गावाशी असलेले नाते हे मागासलेपणाचे लक्षण न मानता त्याच्या लढण्याच्या ताकदीचा भाग मानले, त्याचा प्रत्यय येथे येतो. मात्र ज्या डोंगरी गावांत मुळात वर्षभराचे धान्य पिकत नव्हते, तेथे हा आधार किती काळ पुरणार हे उघड होते.

कामाची जागा हलते तेव्हा

दोन व्यवस्थांची खरी कसोटी कामाची जागा हलली तेव्हा लागली. मुंबईचे घाऊक बाजार १९८० च्या दशकापासून नवी मुंबईत वाशी येथे टप्प्याटप्प्याने हलविण्यात आले. कांदा-बटाटा, मसाला व धान्य, आणि १९९६ मध्ये भाजीपाला व फळे. माथाडी मंडळ व संघटना यांचे अस्तित्व असल्यामुळे बाजाराबरोबर कामगारही हलला. कोपरखैरणे, घणसोली येथे सिडकोच्या वसाहतींत माथाडींची घरे उभी राहिली, रुग्णालय आले, पतपेढ्या आल्या. वतनात पावसावरची खाचरे असलेल्या कुटुंबाची दुसरी पिढी नवी मुंबईच्या महाविद्यालयांत शिकू लागली.

गिरण्यांचे स्थलांतर वेगळ्या प्रकारे झाले. उत्पादन यंत्रमागांकडे व अन्य राज्यांकडे गेले, कामगार तेथेच राहिला, आणि जमिनीचे मोल वाढले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या मोकळ्या होणाऱ्या जमिनीत सार्वजनिक वापर व गृहनिर्माण यांना वाटा ठेवला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो वाटा आक्रसला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य ठरविली. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत २०१२ मध्ये निघाली, म्हणजे संपानंतर तब्बल तीस वर्षांनी. जुलै २०२५ मध्येही शेलू व वांगणी येथील घरांच्या प्रस्तावाविरुद्ध वृद्ध कामगार व त्यांचे वारस आझाद मैदानावर बसले होते. ज्या समूहाला साठच्या दशकात हेवा वाटावा असे वेतन होते, त्याचे वारस आज मुंबईबाहेर जावे लागू नये म्हणून झगडत आहेत.

या फरकाचे स्पष्टीकरण कष्टाळूपणाने होत नाही. साच्यावर उभे राहणारा आणि पोते उचलणारा यांच्या कष्टांत डावे-उजवे करता येणार नाही. काटकसरीनेही होत नाही, कारण दोघांची पथारी एकाच खोलीत होती.

‘समाज’ या एककाच्या मर्यादा

समाज हे एकक आतूनही एकसंध नसते. गिरणीत विणाई खात्यात दलित कामगारांना प्रवेश नाकारला जात असे. बाण भरताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि तेथे विटाळ मानला जाई. परिणामी अधिक वेतनाचे खाते सवर्णांकडे राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या संपकाळात हा प्रश्न उपस्थित केला होता. ‘गिरणी कामगारांचे सरासरी वेतन’ या एका आकड्यात ही दरी बुजून जाते. माथाडींतही नोंदीत आणि बिगरनोंदीत कामगार यांच्यात अशीच दरी आहे. मंडळाचे संरक्षण नोंदणीपाशी थांबते. माथाडीचे स्वास्थ्य म्हणताना मान, कंबर व गुडघे यांनी त्यासाठी मोजलेली किंमतही ताळेबंदात धरली पाहिजे.

तसेच स्त्रियांच्या श्रमाचे. गावी राहून भातलावणी करणारी पत्नी आणि मुंबईत खानावळ चालविणारी बाई यांच्यावाचून दोन्ही समूहांचे अर्थकारण चालले नसते. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले तेव्हा खानावळवाल्या स्त्रिया प्रथमच कर्जदार आणि उद्योजक म्हणून नोंदल्या गेल्या. तोवर कोणत्याही तुलनेच्या तक्त्यात त्यांना रकाना नव्हता.

मराठी साहित्याचाही येथे विचार करावयास हवा. नारायण सुर्वे यांच्या कवितेपासून जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या १९९७ मधील नाटकापर्यंत गिरणगावाला समर्थ शब्द मिळाले. त्या मानाने माथाडीच्या वाट्याला साहित्य फार थोडे आले. त्यामुळे वाचकाच्या मनात गिरणी कामगार हा शोकांतिकेचा नायक आणि माथाडी हा निवडणुकीतील एक गठ्ठा, अशी प्रतिमा रुजली. दोन्ही प्रतिमा अपुऱ्या आहेत, कारण त्या माणसांविषयी बोलतात आणि त्यांना बांधणाऱ्या वा सावरणाऱ्या नियमांविषयी मौन पाळतात.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, स्थलांतरित समूहांच्या तुलनेत उत्पन्नापूर्वी काही प्रश्न विचारले पाहिजेत. समूह कोणत्या दारातून आत आला? त्याच्या वेतनाची व म्हातारपणाची जबाबदारी कायद्याने कोणावर आहे? कामाची जागा बंद पडली वा हलली, तर त्याचा हक्क त्याच्याबरोबर हलतो काय? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यानंतर समाजस्वभावाला सांगण्यासारखे फारसे उरत नाही. इजिप्शियन व व्हिएतनामी यांच्या तुलनेलाही हेच लागू आहे.

हा केवळ संशोधनपद्धतीचा वाद नाही. आपल्या महाविद्यालयांतून होणाऱ्या सर्वेक्षणांत आणि प्रबंधांत ‘अमुक समाजाची आर्थिक स्थिती’ या शीर्षकाखाली जे निष्कर्ष निघतात, ते पुढे योजनांच्या टिपणांत उतरतात. दारिद्र्याचे कारण समाजाच्या सवयींत आहे असे एकदा लिहिले गेले की उपाय प्रबोधनाचा सुचतो, कायद्याचा सुचत नाही. २०२३ मध्ये माथाडी कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक विधिमंडळात आले तेव्हा माथाडी संघटनांनी त्यास विरोध केला, तो या जाणिवेतून की त्यांची घरे आणि मुलांची शिक्षणे ज्या पायावर उभी आहेत तो पाया कलमांचा आहे. आज घाटमाथ्यावरचा तरुण गोदामात, घरपोच सेवेत वा कंत्राटी सुरक्षेत लागतो. सुरक्षा रक्षकांसाठी माथाडी मंडळाच्याच धर्तीवर १९८१ मध्ये कायदा झाला. इतरांपैकी अनेकांची स्थिती १९६९ पूर्वीच्या हमालासारखी, म्हणजे कोणाचाच नोकर नसलेल्या माणसाची आहे. त्याची तुलना उद्या कोणाशी करावयाची हे ठरविण्यापूर्वी त्याची नोंद कोणाच्या वहीत आहे, हे अभ्यासकाने पाहावे.