वाचकच लेखक होतो तेव्हा

कूर्त्वा, हेमन्स आणि पार्नास यांचा १९७१ सालचा ‘वाचक-लेखक’ लेख आजही वाचण्यासारखा आहे. सामाईक माहिती वाचणारे कितीही असोत, लिहिणारा मात्र एका वेळी एकच, हा त्यातील नियम. पण वाचक वेगळे, लेखक वेगळे, ही तिथली वाटणी फार सोयीची वाटते. गणिती प्रणालीत मूळसंख्यांची यादी साठवून पाहा! हवी ती संख्या यादीत नसली, की वाचणाऱ्या थ्रेडलाच लेखक व्हावे लागते. असे दोन थ्रेड वाचनाचे कुलूप न सोडता लेखनाचे मागत बसले, तर दोन्ही कायमचे अडकतात. म्हणून पहिले कुलूप सोडायचे, दुसरे घ्यायचे आणि यादी पुन्हा तपासायची. मधल्या क्षणात दुसऱ्याने ती वाढवलेली असू शकते.