समोरच्याने सावकाश बोलावे

युरोप परिषदेने 2001 साली भाषाशिक्षणाची एक चौकट प्रसिद्ध केली. फ्रेंचचा पहिला वर्ग आज पुण्यात भरो की पणजीत, शिक्षकाच्या टेबलावर ही चौकट या ना त्या रूपात असतेच. तिच्यात भाषा येण्याच्या सहा पायऱ्या केल्या आहेत, ए-1 पासून सी-2 पर्यंत. सगळ्यात खालच्या ए-1 पायरीचे वर्णन जेमतेम तीन वाक्यांचे आहे. महाविद्यालयात फ्रेंच नव्याने घेणाऱ्याकडून काय अपेक्षा ठेवायची, ते या तीन वाक्यांत सांगितले आहे. अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर, परीक्षेच्या माहितीपत्रकात ती छापलेली असतात आणि बहुतेक जण ती ओलांडून थेट पहिल्या धड्याकडे वळतात. मला मात्र हा मजकूर थांबून, शब्दाशब्दाने वाचण्याच्या योग्यतेचा वाटतो.

त्याचा आशय आपल्या शब्दांत असा. शिकणाऱ्याला रोजच्या गरजेपुरती ओळखीची बोलणी समजतात आणि वापरता येतात. त्याला स्वतःची आणि दुसऱ्याची ओळख करून देता येते; कुठे राहता, कोणाला ओळखता, तुमच्याकडे काय आहे, असे प्रश्न विचारता येतात आणि आपल्याला कोणी विचारले तर उत्तरेही देता येतात. साधे संभाषण त्याला जमते, मात्र समोरचा माणूस सावकाश आणि स्वच्छ बोलत असेल, आणि मदत करायला तयार असेल तर.

पहिल्यांदा लक्षात येते ती वाक्यांची ठेवण. तिन्ही ठिकाणी जमण्याचीच भाषा आहे; काय येत नाही याचा उल्लेखसुद्धा नाही. आपल्या शाळेत भाषेचा पेपर परत मिळतो तेव्हा त्यावर चुकांचीच नोंद असते. वेलांटी चुकली, अर्धा गुण गेला. दहा वर्षे इंग्रजी शिकून बाहेर पडलेल्या मुलाला ‘तुला काय येतं?’ असे विचारले तर तो आपल्याला काय येत नाही याचीच यादी देतो, कारण तेवढीच त्याला कोणी करून दिलेली असते. इथे पायरी सगळ्यात खालची, पण तिच्यावर उभा असलेला माणूस काहीतरी करणारा आहे. तो विचारतो, सांगतो, ओळख करून देतो.

दुसऱ्या वाक्यात तीन गोष्टी निवडल्या आहेत: राहण्याचे ठिकाण, ओळखीची माणसे, जवळच्या वस्तू. नव्या भाषेत पहिले काय बोलावे, याचे उत्तर ‘आपले घरदार’ असे दिले आहे. तेरखेड्याची एखादी मुलगी पुण्यातल्या वर्गात पहिल्या आठवड्यात उभी राहते तेव्हा या वाक्याला खरा अर्थ येतो. मुक्काम पोस्ट तेरखेडा, तालुका वाशी, जिल्हा धाराशिव. गाव येरमाळ्याहून बीडकडे जाताना हमरस्त्यावर लागते आणि फटाक्यांसाठी ओळखले जाते. पहिल्या काही तासांत नावाची आणि गावाची अक्षरे सुटी करून सांगायला शिकवतात, कारण परक्या माणसाला परके नाव ऐकून लिहिता येत नाही. तेव्हा ती म्हणेल: ते, अ, एर, का, आश, अ, दे, आ. आठ अक्षरांत गाव उभे राहते. आता समोर एखादा फ्रेंच माणूस आहे असे धरू. त्याच्या भाषेत ख नाही, ड नाही. तो ‘तेरकेदा’सारखे काहीतरी म्हणेल. मग तीच त्याला सावकाश, तोडून सांगेल: तेर-खेडा. पाच मिनिटांपूर्वी जिला फ्रेंच येत नव्हते, ती आता समोरच्याला मदत करते आहे. वाक्य लिहिणाऱ्यांनी प्रश्न विचारणे आणि उत्तर देणे ही दोन्ही कामे एकाच माणसाला दिली, त्यात ही शक्यता आधीच धरलेली आहे.

आणि आता तिसरे वाक्य. माझ्या मते या सगळ्या मजकुराचा जीव इथे आहे. शिकणाऱ्याची पात्रता सांगता सांगता ते मध्येच वळते आणि जो शिकत नाही त्याच्यावर अट घालते. समोरच्याने सावकाश बोलले पाहिजे. स्वच्छ बोलले पाहिजे. मदतीची तयारी ठेवली पाहिजे. ही अट पाळली गेली नाही आणि संभाषण फसले, तर तो शिकणाऱ्याचा दोष नव्हे. त्याने आपल्या पायरीचे सगळे केले आहे. परीक्षेच्या, नियमांच्या, गुणांच्या जगातला मजकूर असूनही त्याने जबाबदारी दोघांत वाटून दिली, हे मला फार मोलाचे वाटते.

समोरचा म्हणजे कोण, हेही पाहावे. वरच्या पायऱ्यांच्या वर्णनात जुन्या आवृत्तीत जन्माने ती भाषा बोलणाऱ्यांचा उल्लेख होता; 2020 च्या पुरवणीत तो काढून टाकला. ए-1 मध्ये तो मुळातच नव्हता. इथे फक्त ‘समोरचा’ आहे. तो पॅरिसचा असेल, नाहीतर शेजारच्या बाकावरचा सांगोल्याचा मुलगा असेल. दोघांवर अट तीच.

भाषा शिकण्याची ही कल्पना आपल्याकडे उशिरा आली. मंडालेच्या तुरुंगात 1908 ते 1914 या काळात लोकमान्य टिळकांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली यांचा अभ्यास केला. हाताशी पुस्तके, समोर कोणी नाही. तिथे वाचता येणे एवढीच अपेक्षा होती आणि तेवढ्यासाठी पुस्तके पुरेशी होती. ती अपेक्षा कमी दर्जाची मुळीच नव्हे. आपल्या मराठीचा पहिला भक्कम ऐतिहासिक अभ्यास ज्यूल ब्लॉक यांनी फ्रेंचमध्येच लिहिला, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी 1941 साली तो मराठीत आणेपर्यंत फ्रेंच न वाचणाऱ्या मराठी माणसाला आपल्याच भाषेचा तो इतिहास बंद होता. गी दलरी यांनी तुकारामांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले ते 1956 साली. या वाटेने जायचे तर वाचनच लागते. पण अठरा वर्षांच्या मुलीला पहिल्या दिवशी लागतो तो माणूस. वर्षअखेरीची अपेक्षा एका माणसाच्या उपस्थितीवर बेतणारा ए-1 चा मजकूर तिच्या गरजेच्या जास्त जवळ आहे.

तिसरे वाक्य असे वाचले की पहिल्या तासाला हातात पडणारे वर्गाचे नियमही निराळे दिसू लागतात. हे नियम थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखेच असतात: हजेरी 75 टक्के, वर्गात फ्रेंचच बोलायचे, घरचा अभ्यास करूनच यायचे, लिखाणासाठी फोनवरचे भाषांतर वापरायचे नाही, आणि ज्याने आधी फ्रेंच शिकले आहे त्याने या वर्गात न बसता पुढच्या वर्गात जायचे. वरवर पाहता ही शिस्तीची यादी आहे. तिसऱ्या वाक्याशेजारी ठेवून पाहिली की प्रत्येक नियमात तो ‘समोरचा’ सापडतो. हजेरी का, तर वर्गातले निम्मे काम जोडीने चालते, आणि मी आलो नाही तर माझ्या जोडीदारासमोर कोणी उरत नाही. फोनचे भाषांतर का नको, तर यंत्राने लिहिलेल्या उताऱ्यात चूकच नसते, आणि चूक दिसली नाही तर मदत कुठे करायची हे शिक्षकाला कळत नाही.

शेवटचा नियम तेरखेड्याच्या मुलीसाठी सगळ्यात महत्त्वाचा. शहरांतल्या अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावी-बारावीला दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेता येते आणि गुण चांगले पडतात म्हणून ती घेतलीही जाते. गावाकडे हा पर्यायच नसतो. मग पदवीच्या पहिल्या वर्षाच्या ‘नवशिक्यां’च्या वर्गात दोन वर्षे शिकून आलेली मुले बसली, की पहिल्याच तासाला उत्तरे फटाफट येतात, वर्गाचा वेग त्यांच्या जिभेवर ठरतो, आणि खरोखर नव्याने आलेल्याला आपणच मंद आहोत असे वाटू लागते. नवशिक्यांच्या वर्गात नवशिकेच असावेत हा नियम शिक्षकाने पहिल्या दिवशी नुसता वाचून दाखवू नये, पाळायलाही लावावा. सावकाश बोलण्याची अट वर्गाच्या रचनेतच बसवण्याचा तो मार्ग आहे.

‘वर्गात फ्रेंचच’ या नियमाबद्दल बहुतेकांची तक्रार असते. काहीच येत नाही त्याने फ्रेंचमध्ये काय बोलावे? माझे मत बरोबर उलटे आहे. आपल्याकडे फ्रेंच बहुधा इंग्रजीतून समजावतात. व्याकरण इंग्रजीत, सूचना इंग्रजीत, शंका इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला तिथे एका भाषेऐवजी दोन भाषांशी झगडावे लागते, आणि फ्रेंच न आल्याचा ठपका पडतो तो खरे तर इंग्रजीमुळे. ए-1 च्या तीन वाक्यांत इंग्रजीचे नावही नाही. तिसऱ्या कुठल्याच भाषेची अपेक्षा नाही. शिक्षक खरोखर फ्रेंचमध्येच बोलले, हातवारे केले, फळ्यावर चित्र काढले, तेच वाक्य पुन्हा निराळ्या शब्दांत सांगितले, तर इंग्रजी शाळेतून आलेला मुलगा आणि ही मुलगी एका रेषेवर येतात. उलट काही बाबतींत तीच पुढे असते. नाम पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, विशेषण त्याप्रमाणे बदलायचे, हे तिला नवे नाही. मराठीत तर लिंगे तीन. तू आणि तुम्ही यांतला फरक तिला शिकवावा लागत नाही. ऐंशीला फ्रेंच माणूस चार विसा म्हणतो हे ऐकून तिला नवल वाटणार नाही, कारण घरातल्या जुन्या बायका विसांतच मोजत आल्या. जो नियम सगळ्यांत जाचक वाटतो, तोच तिच्या बाजूचा आहे.

मराठवाड्याच्या मुलांना पुण्या-मुंबईत मराठी बोलतानासुद्धा हसणारे भेटतात. हेलावरून, एखाद्या शब्दावरून. स्वतःच्या भाषेत ज्याला समोरच्याने सवलत दिली नाही, त्याला परक्या भाषेत तोंड उघडायला किती धीर लागत असेल! म्हणून मला वाटते, तिसरे वाक्य वर्गाच्या भिंतीवर मराठीत लिहून लावावे, आणि तेही विद्यार्थ्यांपेक्षा त्यांच्या आसपासच्या लोकांसाठी.

या पायरीची देल्फ ए-1 परीक्षाही याच बाण्याची आहे. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे, प्रत्येकी 25 गुण. 100 पैकी 50 ला उत्तीर्ण, पण चारही भागांत किमान 5 हवेत. म्हणजे बोलणे सोडून देऊन लिखाणावर पास होता येत नाही. आपल्याकडे इंग्रजीत एकही वाक्य न बोलता पदवीपर्यंत जाता येते. इथे पाच गुणांपुरते का होईना, तोंड उघडावेच लागते. ऐकण्याच्या भागात ध्वनिफीत दोनदा ऐकवतात. तोंडी परीक्षा पाच ते सात मिनिटांची, आणि तिच्या आधी दहा मिनिटे तयारीला मिळतात. बोलण्याच्या वेळेपेक्षा विचार करण्याची वेळ जास्त देणारी परीक्षा मी दुसरी पाहिलेली नाही.

एका ठिकाणी मात्र हा मजकूर मला परका वाटतो. याच चौकटीत शिकणाऱ्याने स्वतःला तपासून पाहण्यासाठी एक तक्ता दिला आहे. तिथे ए-1 च्या लेखनाची उदाहरणे आहेत: सुट्टीवर गेल्यावर पाठवायचे शुभेच्छांचे पोस्टकार्ड, आणि हॉटेलात उतरताना भरायचा नाव-राष्ट्रीयत्व-पत्त्याचा फॉर्म. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शेजारच्या देशात फिरायला निघालेला युरोपीय माणूस होता हे उघड आहे. त्यात वावगे काही नाही, पण तेरखेड्याहून आलेल्या मुलीला हा प्रवासी व्हायला सांगणे म्हणजे तिच्या दुसऱ्या वाक्यातले घरदार काढून घेणे. ठिकाण, माणसे, वस्तू तिच्या, आणि प्रसंग मात्र उसना, असे होऊ नये.

त्याची सोय परीक्षेतच आहे. तोंडी परीक्षेच्या शेवटच्या भागात छोटा प्रसंग रंगवायचा असतो, बहुधा खरेदीचा. विद्यार्थी गिऱ्हाईक, परीक्षक विक्रेता, आणि टेबलावर नोटा-नाण्यांची चित्रे. वर्गात याचा सराव महिनोन्‌महिने बेकरी आणि भाजीबाजारावर चालतो. त्याऐवजी दिवाळीच्या आठवड्यात फटाक्यांचे दुकान मांडावे. फटाक्याला फ्रेंचमध्ये पेतार म्हणतात, आतषबाजीला फ दार्तिफिस. 14 जुलैच्या राष्ट्रीय दिनाला फ्रान्समध्ये गावोगाव आतषबाजी होते, आणि सणांच्या धड्यात तिचा उल्लेख हमखास असतो. त्या धड्याशी ज्याचे घरचे नाते आहे असा विद्यार्थी वर्गात क्वचितच सापडेल. इथे तो आहे. फुलबाजीचा डबा, भुईचक्रे, लवंगीच्या माळा. केवढ्याला? फार महाग आहे. लहान मिळेल का? लहान मुलासाठी हवे आहे. संख्या, रंग, आकार, किंमत, होकार, नकार, आभार, ए-1 चा बराचसा शब्दसंग्रह या एका दुकानात मावतो. मालाची माहिती तिला वर्गात सर्वांत जास्त, तेव्हा दुकानात बसवावे ते तिलाच. गिऱ्हाईक होऊन शिक्षकांनी यावे, इंग्रजी शाळेतल्या मुलांनी यावे. कुठले वाजते आणि कुठले नुसते फिरते, हे त्यांना कळेपर्यंत तिने सावकाश सांगावे.